उच्चदाब वायुवाहिन्यांचे परवाने आणि गोव्यातली आपली जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायुवाहिनीची अधिसूचना निघाली किंवा शेतात खांब रोवायला माणसे आली की गावात प्रश्नांची रीघ लागते. परवाना कोणी दिला, नियम कधी बदलले, आमचे पोफळीचे कुळागर जाणार का, पंचायतीला काही विचारले का? हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. मला सर्वात जास्त सांगायचे आहे ते वस्तीच्या वर्गाविषयी. तो प्रश्न थोडा पुढे आहे, पण वेळ कमी असेल तर आधी तोच वाचा.

गोव्यात उच्चदाब वाहिनी मुळात आहे का?

आहे. गेल कंपनीची दाभोळ–बंगळूर ही मुख्य वाहिनी २०१३ साली सुरू झाली. तिची एक शाखा बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या बाजूने फुटून घाट उतरते आणि गोव्यात येते. झुआरीनगरचा खत कारखाना पूर्वी नाफ्थ्यावर चालायचा. तो नैसर्गिक वायूवर आला तो या शाखेमुळे. पुढे घरगुती जोडण्या आणि सीएनजी पंपांसाठी राज्याचे दोन भाग झाले. उत्तर गोव्यात गेल गॅस आणि भारत पेट्रोलियम यांची संयुक्त कंपनी गोवा नॅचरल गॅस काम करते, तर दक्षिण गोव्यात इंडियन ऑइल–अदानी गॅस.

उच्चदाब म्हणजे नेमका किती दाब?

स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी वायू सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो. शहर वितरणाच्या पोलादी मुख्य जाळ्यात हाच दाब ७ ते ४९ बार असतो. राज्याराज्यांतून जाणाऱ्या मुख्य वाहिन्यांची रचना त्याहूनही जास्त दाबासाठी केलेली असते. २१ मिलिबार आणि ४९ बार यांत दोन हजार पटींहून जास्त फरक आहे. म्हणून "आमच्या वाड्यावर गॅसची लाईन आली" एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती कुठल्या दाबाची, हे पहिल्यांदा विचारायला हवे.

आणखी एक गोष्ट लोकांना सहसा कोणी सांगत नाही. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून घालतात तो उग्र वास शहर वितरण केंद्रात मिसळला जातो. त्याआधीच्या मुख्य वाहिनीतला वायू बहुधा बिनवासाचा असतो. तिथे गळतीच्या खुणा वेगळ्या: फुस्कारल्यासारखा सततचा आवाज, जमिनीतून उडणारी धूळ, खाजनात (खाडीकाठच्या बांधबंदिस्त सखल शेतीत) किंवा शेतातल्या पाण्यात एकाच ठिकाणी येणारे बुडबुडे, हिरव्या शेतात विनाकारण सुकलेला पट्टा.

परवाना कोण देतो? गोवा सरकार की दिल्ली?

एकच एक परवाना नसतो, आणि निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो. वाहिनी टाकण्याचे, चालवण्याचे आणि वाढवण्याचे मूळ अधिकारपत्र पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, म्हणजे पीएनजीआरबी, २००६ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार देते. जमिनीच्या वापराचा हक्क केंद्र सरकार १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज वाहिनी कायद्याखाली घेते. सीएनजी पंपावरच्या सिलिंडर साठ्याचा परवाना पेसो ही स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांची सुरक्षा पाहणारी, नागपूरला मुख्यालय असलेली केंद्राची संस्था देते. वनजमीन, किनारा, राष्ट्रीय महामार्ग, कोकण रेल्वेचा रूळ ओलांडणे या प्रत्येकाची परवानगी ज्याच्या त्याच्या खात्याकडून.

राज्य सरकार मूळ अधिकारपत्र देत नाही आणि रद्दही करू शकत नाही. मात्र रस्ते खोदायची परवानगी, आपत्कालीन आराखडा आणि वाहिनीच्या आजूबाजूला घरे बांधू द्यायची की नाही, हे सगळे राज्यातल्याच संस्थांच्या हातात आहे. या तिसऱ्या गोष्टीकडे पुढे येऊ.

गेल्या काही वर्षांत नियमांत नेमके काय बदलले?

पहिला मोठा बदल अधिकाराचाच होता. मंडळ २००७ पासून काम करत होते, अधिकारपत्रांचे नियम २००८ मध्ये आले, पण कलम १६ लागूच झालेले नव्हते. जानेवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले आणि मंडळाला असा अधिकार नाही असा निकाल दिला. त्यानंतर १५ जुलै २०१० रोजी कलम १६ अमलात आले. तेव्हापासून मंडळाच्या अधिकारपत्राविना सार्वजनिक वापराची वाहिनी टाकता येत नाही.

दुसरा बदल सुरक्षेचा, आणि गावाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. मुख्य वाहिन्यांची तांत्रिक आणि सुरक्षा मानके २००९ मध्ये आली, आपत्ती व्यवस्थापनाची संहिता २०१० मध्ये, आणि वाहिनी आयुष्यभर धड राहते की नाही हे तपासत राहण्याचे नियम २०१२ मध्ये. म्हणजे एकदा बांधून, चाचणी करून सुटका नाही. आतून गंज किती, वरचे आवरण शाबूत आहे का, गंजरोधक विद्युत यंत्रणा चालू आहे का, याची ठरावीक काळाने नोंद ठेवावी लागते. कागदावर नियम असले तरी ते पाळले गेले नाहीत तर काय होते, हे २७ जून २०१४ रोजी आंध्रातल्या नगरम गावाने पाहिले. कोरड्या वायूसाठी टाकलेल्या वाहिनीतून ओलसर वायू जात होता. ती आतून गंजली, फुटली आणि वीसहून अधिक माणसे जळून मेली. वाहिनी वस्तीच्या अगदी जवळून जात होती. परवान्याचे नियम वाचायचा कंटाळा आला की मला नगरम आठवते.

तिसरा बदल दराचा. १ एप्रिल २०२३ पासून जोडलेल्या वाहिन्यांना एकत्रित वहन दर, म्हणजे वायू वाहून नेण्याचे भाडे, लागू झाला. ३०० किलोमीटरपर्यंत, ३०० ते १२०० आणि त्यापुढे असे तीन टप्पे होते. २०२५ च्या दुरुस्तीने तिनाचे दोन केले आणि घरगुती पीएनजी (नळाने घरात येणारा वायू) व सीएनजीला देशभर पहिल्या टप्प्याचाच दर दिला. हे १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे.

मग आमचे गॅसचे बिल कमी होईल का?

वहन दर हा बिलाचा एक तुकडा आहे, सगळे बिल नव्हे. वायूची मूळ किंमत, शहरातल्या जाळ्याचा खर्च आणि कर हे वेगळे. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. शिवाय १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंद्रप्रस्थ गॅसच्या खटल्यात स्पष्ट केले की शहर वितरण कंपनी ग्राहकाला कोणत्या भावाने वायू विकते हे मंडळ ठरवू शकत नाही. त्यामुळे वहन स्वस्त झाले तरी त्यातले घरापर्यंत किती उतरवायचे, हा निर्णय कंपनीचा.

अधिकारपत्राची मुदत किती? कंपनीने अटी मोडल्या तर?

मुख्य वाहिनीसाठी २५ वर्षे आणि पुढे १०-१० वर्षांच्या टप्प्याने वाढ. कंपनीला हमीपोटी परफॉर्मन्स बाँड ठेवावा लागतो. अटी मोडल्या की आधी नोटीस आणि सुधारणेची मुदत, त्यानंतरही सुधारणा नसेल तर पहिल्या वेळी बाँडची २५ टक्के रक्कम जप्त, दुसऱ्या वेळी ५० टक्के, आणि तिसऱ्या वेळी पूर्ण रक्कम जाऊन अधिकारपत्रही रद्द. या पायऱ्या चढायला वेळ लागतो, म्हणून पहिली तक्रार लेखी आणि लवकर जायला हवी.

एकाच कारखान्यासाठी टाकलेल्या वाहिनीची गोष्ट थोडी वेगळी. ती सर्वांना खुली ठेवायचे बंधन तिच्यावर नसते. सुरक्षेची मानके मात्र तिलाही सुटत नाहीत.

माझ्या जमिनीतून वाहिनी जाणार अशी अधिसूचना निघाली आहे. आता काय?

आधी तारीख बघा. १९६२ च्या कायद्यात कलम ३ खालची अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला फक्त २१ दिवस मिळतात. गोव्यात ही मुदत कशी हातातून निसटते ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर) आजोबांचे नाव, वारसांपैकी एक पोर्तुगालात, एक मुंबईत, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, कधी झालेलीच नाही. नोटीस घराच्या दाराला चिकटते आणि वाचायला कोणी नसते. म्हणून सर्व्हेला माणसे आली त्या दिवसापासूनच उतारा, सर्व्हेचा नकाशा आणि वारसांचे पत्ते एकत्र करून ठेवावेत. हरकत घ्यायला मालकीच हवी असे नाही. जमिनीत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती ती घेऊ शकते. कूळ असाल तर तुम्हीही. कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची) जमीन असेल तर व्यवस्थापन मंडळाने हरकत घ्यावीच, पण तिथे कसणाऱ्याने त्यांच्यावर विसंबून राहू नये.

हरकतीत "आमचा विरोध आहे" एवढे लिहून काही होत नाही. कायदा काय मना करतो ते पाहून लिहा. कलम ७ प्रमाणे राहत्या वापराच्या जमिनीखालून, पक्के बांधकाम उभे असलेल्या जमिनीखालून किंवा घराला लागून असलेल्या आवारातून वाहिनी नेता येत नाही, आणि एक मीटरपेक्षा कमी खोलीवर तर ती टाकताच येत नाही. तुमचे घर, अंगण, न्हाणीघर, विहीर कुठे आहे हे नकाशावर दाखवा, फोटो जोडा. कुळागर असेल तर पाटाचे पाणी कुठून कुठे वाहते ते दाखवा. चर खोदल्यावर पाट तुटला तर खालच्या साऱ्या पोफळी वाळतात, आणि दिल्लीत बसून आरेखन करणाऱ्याला हे दिसत नाही. पर्यायी मार्ग सुचवता आला तर सुचवा. सक्षम प्राधिकाऱ्यासमोर (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर) स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडायचा हक्क तुम्हाला आहे, तो हरकतीतच मागून घ्या.

नुकसानभरपाई किती मिळते?

दोन वेगळ्या रकमा असतात आणि त्यांची गल्लत करू नये. वापराच्या हक्कापोटी कलम ३ च्या अधिसूचनेच्या दिवशी जमिनीचा जो बाजारभाव असेल त्याच्या १० टक्के. त्याशिवाय प्रत्यक्ष नुकसान: तोडलेली झाडे, उभे पीक, जमीन तात्पुरती तुटल्याने झालेली हानी, इतर मालमत्तेला पोचलेली इजा.

जमीन तुमच्याच नावावर राहते, म्हणून १० टक्के. पण भातशेतीला हा हिशेब जेवढा पटतो तेवढा कुळागराला पटत नाही. भाताचे शेत पुढच्या पावसात पुन्हा लावता येते. माड, पोफळी, त्यांवर चढवलेली मिरवेल, मधल्या केळी उपटल्या की त्या पट्ट्यात पुन्हा झाड लावता येतच नाही. म्हणून झाडांची भरपाई मागताना आजच्या नगावर थांबू नका. प्रत्येक झाडाचे वय, वर्षाचे उत्पन्न आणि अजून किती वर्षे ते फळले असते याचा हिशेब मांडा. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयाकडून पाहणी करून घेतली तर त्या कागदाला वजन येते. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. पैसे घेताना हक्क राखून घेत असल्याचे लेखी लिहूनच सही करा.

वाहिनी गेल्यावर त्या पट्ट्यात काय करता येते?

भात, भाजी, मिरची, गवत चालते. घर, गोठा, विहीर, तळी, बंधारा आणि झाडे चालत नाहीत. पट्ट्याची रुंदी अधिसूचनेत दिलेली असते, कंपनीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. दुरुस्तीसाठी कंपनीला जमिनीत यायचा हक्क आहे, पण त्यात केलेल्या नुकसानीची भरपाई पुन्हा द्यावी लागते. वाहिनीला मुद्दाम इजा करणे किंवा चोरून जोडणी घेणे यासाठीची शिक्षा २०११ च्या दुरुस्तीने कडक झाली आहे.

वस्तीचा वर्ग म्हणजे काय? तो एवढा महत्त्वाचा का?

मानकांप्रमाणे वाहिनीच्या दोन्ही अंगांना २०० मीटर आणि लांबीने १.६ किलोमीटर असा तुकडा घेऊन त्यात राहती घरे मोजतात. दहा किंवा कमी असतील तर वर्ग एक. दहाहून जास्त पण ४६ पेक्षा कमी असतील तर वर्ग दोन. ४६ किंवा जास्त असतील तर वर्ग तीन. बहुमजली इमारतींची दाटी असेल तर वर्ग चार. या वर्गावरून नळीच्या पोलादावर किती ताण येऊ द्यायचा ते ठरते. वर्ग एकमध्ये पोलादाच्या क्षमतेच्या ०.७२ पट, दोनमध्ये ०.६०, तीनमध्ये ०.५० आणि चारमध्ये ०.४०. त्याच व्यासाची, त्याच पोलादाची, त्याच दाबाची नळी वर्ग एकऐवजी वर्ग तीनसाठी बांधायची तर तिची भिंत सुमारे ४४ टक्के जाड लागते. वायू बंद करायच्या झडपांमधले अंतरही वस्तीप्रमाणे घटते: वर्ग एकमध्ये ३२ किलोमीटर, दोनमध्ये २४, तीनमध्ये १६, चारमध्ये ८. झडपा जितक्या जवळ, तितका अपघातात बाहेर पडणारा वायू कमी.

आता गोव्याकडे बघा. वाहिनी टाकली तेव्हा जो डोंगरउतार ओसाड होता तिथे काही वर्षांत प्लॉट पडतात, व्हिला उभ्या राहतात, औद्योगिक वसाहतीच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची चाळ वाढते. जमिनीखालची नळी मात्र तीच, ओसाड रानासाठी बांधलेली. वर्ग बदलला की कंपनीला काहीतरी करावेच लागते: दाब कमी करणे, तेवढ्या तुकड्यात जाड नळी बसवणे, किंवा चाचण्या घेऊन ती नळी नव्या वर्गात बसते हे सिद्ध करणे. पण त्यासाठी वर्ग बदलल्याचे कोणाला तरी दिसायला हवे.

आणि इथेच गोव्यातली व्यवस्था तुटलेली आहे. बांधकामाचा परवाना पंचायत देते, तांत्रिक मंजुरी नगरनियोजन खाते देते, वाहिनीचे अधिकारपत्र दिल्लीत असते आणि घरांची मोजणी कंपनी करते. या चौघांनी एकमेकांना कळवायची सक्तीची वाट नाही. पंचायत ४६ वे घर मंजूर करते तेव्हा त्या घराने आपल्या गावातल्या वाहिनीचा वर्ग बदलला हे तिला ठाऊकही नसते. माझ्या मते ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही.

मग पंचायतीने काय करावे?

वाहिनीचा नकाशा सर्व्हे क्रमांकांसह मागवून पंचायत कार्यालयात लावावा. बांधकामाच्या प्रत्येक अर्जावर सर्व्हे क्रमांक वाहिनीपासून २०० मीटरच्या आत येतो का ते तपासावे आणि येत असेल तर परवान्याची प्रत कंपनीला व पीएनजीआरबीला पाठवावी. ग्रामसभेत ठराव करून शेवटची घरमोजणी कधी झाली आणि आपला पट्टा कोणत्या वर्गात आहे हे लेखी विचारावे. गावात आपत्कालीन सराव होतो का, हेही. सराव कंपनीच्या फाटकाच्या आत घेऊन भागत नाही. शाळेतल्या बाईंना आणि वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना कुठल्या दिशेने पळायचे हे माहीत असायला हवे.

अभयारण्यातून किंवा खाजनातून न्यायची असेल तर?

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून वायुवाहिनी जात असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे केंद्राची पूर्वमंजुरी लागते. मोलेच्या अभयारण्यासारख्या भागात त्याशिवाय वनसंरक्षण आणि वन्यजीव कायद्याखालच्या परवानग्या वेगळ्या. खाजनाला किनारा नियमन लागू होते. खाजनाचा बांध एकदा फोडला आणि नीट बांधला नाही तर भरतीचे खारे पाणी शेतात घुसते आणि मागची सारी शेते पडीक होतात. बांध आणि मानशीखालून (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांखालून) आडवे छिद्र पाडून नळी नेता येते, चर खोदायलाच हवा असे नाही. हरकतीत हीच मागणी करावी.

रस्त्याकडेला पुरतात ती पिवळी किंवा केशरी नळी उच्चदाबाची आहे का?

नाही. ती प्लास्टिकची, शहर वितरणातली कमी दाबाची नळी. तिला धोका असतो तो खोदणाऱ्यांचा. पाण्याची जोडणी, केबल, कंपाऊंडचा पाया, कशासाठीही जेसीबी लावायच्या आधी विचारावे. मार्च २०२३ पासून केंद्राचे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप त्यासाठीच आहे, आणि वाहिनीच्या खुणेच्या खांबावर कंपनीचा आपत्कालीन क्रमांक लिहिलेला असतो.

गळती वाटली तर?

वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा येतो तिकडे जा. गाडी सुरू करू नका, तिथे उभे राहून मोबाईल वापरू नका, झडप स्वतः फिरवू नका. लांब गेल्यावर ११२ आणि खांबावरचा क्रमांक फिरवा.

तक्रार कुठे करायची?

घरगुती जोडणीची तक्रार आधी कंपनीकडे. सेवेच्या दर्जाची संहिता मंडळाने २०१० मध्येच केली आहे, तिचा उल्लेख करा. दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग. अधिकारपत्राच्या अटी किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर पीएनजीआरबी. मंडळाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते.

माहिती अधिकारात नेमके काय मागावे?

"सगळी कागदपत्रे द्या" असे लिहू नका, उत्तर येत नाही. आपल्या गावाचे सर्व्हे क्रमांक द्या आणि चार गोष्टी मागा: त्या तुकड्यासाठी नोंदलेला वस्तीचा वर्ग, शेवटच्या घरमोजणीची तारीख, आतून केलेल्या शेवटच्या गंज तपासणीची तारीख, आणि दोन्ही बाजूंच्या सर्वात जवळच्या झडपांचे अंतर. गेलसारखी सरकारी कंपनी असेल तर अर्ज थेट तिला, खासगी किंवा संयुक्त कंपनी असेल तर पीएनजीआरबीला. ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. घरमोजणीची तारीख जुनी निघाली तर ग्रामसभेच्या ठरावासोबत गावातल्या आजच्या घरांची यादी जोडून नव्या मोजणीची मागणी त्याच आठवड्यात पाठवा.